द्रावणातून उगवलेले स्फटिक: एका कॅप्सूलचे प्रकरण

१९९८ च्या मध्यावर एका औषध कंपनीत कॅप्सूलच्या काही बॅच गुणवत्ता तपासणीत नापास झाल्या. चाचणी नेहमीचीच, विरघळण्याची: कॅप्सूल ठरलेल्या द्रवात सोडायची, द्रव ढवळत ठेवायचा आणि ठरलेल्या वेळात किती औषध त्यात उतरले ते मोजायचे. कॅप्सूलमध्ये रेणू तोच होता, पण तो द्रवात उतरायला तयार नव्हता. गंमत म्हणजे हे औषध कॅप्सूलमध्ये भुकटी म्हणून भरलेलेच नव्हते. ते आधी विरघळवून मगच भरले होते.

औषधाचे नाव रिटोनाविर, एचआयव्हीवरचे. ते लपवले तर प्रकरणात सांगण्यासारखे काही उरत नाही, म्हणून दिले आहे. कंपनी आणि माणसे अनामिक ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी किती भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो आणि किती वेगाने, याला जैवउपलब्धता म्हणतात. शिरेतून दिलेले औषध शंभर टक्के रक्तात जाते. तोंडाने दिलेल्याची तुलना त्याच्याशी करतात. वाटेत तीन नाकी लागतात. औषध आतड्यातल्या पाण्यात विरघळले पाहिजे, मग आतड्याच्या भिंतीतून पार झाले पाहिजे, आणि भिंतीतल्या व यकृतातल्या एन्झाइमांच्या तावडीतून सुटले पाहिजे. या तिन्हींचा गुणाकार होतो. प्रत्येक नाक्यावर निम्मे गळाले तर हाती साडेबारा टक्केच उरतात.

एचआयव्हीचा प्रोटीएज हा एन्झाइम दोन अगदी सारख्या अर्धुकांचा बनलेला असतो. त्या दोन अर्धुकांमधल्या जागेत नेमके बसून त्याचे काम बंद पाडावे म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी तितकेच सममित रेणू घडवले. सुरुवातीचे रेणू परीक्षानळीत जोरदार होते, पण तोंडाने दिले की रक्तात जेमतेम पोहोचत. त्यांच्यातला एक तर शिरेतूनच द्यावा लागला. वर्षानुवर्षे रोज घ्यायच्या औषधासाठी हा मार्ग बंदच म्हणायचा. या गटातले पहिले औषध, सॅक्विनाविर, डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झाले, तेव्हा त्याच्या कॅप्सूलची जैवउपलब्धता सुमारे ४ टक्के होती. म्हणजे शंभरातले शहाण्णव भाग वाटेतच संपत.

रिटोनाविर घडवताना पहिला हल्ला झाला तो तिसऱ्या नाक्यावर. आधीच्या रेणूंच्या टोकांना पिरिडिनची वलये होती आणि यकृतातले एन्झाइम तिथेच घाव घालत. ती वलये काढून थायाझोलची बसवली. रेणू टिकू लागला, रक्तातली पातळी तासन्‌तास राहू लागली. त्यातल्या एका थायाझोलचा नायट्रोजन मात्र आणखी एक उद्योग करत होता: यकृतातल्या सीवायपी-३ए-४ या एन्झाइमच्या गाभ्यातल्या लोहाला तो घट्ट धरून बसत होता. याचे पुढे काय झाले ते शेवटी येईल.

पहिले नाके तसेच राहिले. रेणूभार सुमारे ७२१. तोंडाने घ्यायच्या औषधाचा रेणूभार ५०० च्या आत असावा हा ढोबळ आडाखा १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा रेणू त्याच्या बराच पुढे होता आणि पाण्यात अगदी नावापुरता विरघळत होता. स्फटिकांची भुकटी दाबून गोळी केली तर पुरेसे औषध शोषलेच जात नव्हते. जे विरघळतच नाही ते शोषले कसे जाणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पहिला निर्णय: आधीच विरघळवून भरा

विरघळण्याचे काम आतड्यावर न सोपवता ते कारखान्यातच उरकायचे, हा तोडगा निघाला. औषध अल्कोहोल आणि पाण्याच्या आधाराने विरघळवून एक पिण्याचे द्रावण केले आणि एक अर्धघन मिश्रण कॅप्सूलमध्ये भरले. एका कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम, मात्रा ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. म्हणजे रोज बारा कॅप्सूल.

त्या दिवसांची घाई आज बसल्याजागी समजणार नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने अर्ज ७२ दिवसांत तपासून १ मार्च १९९६ ला मंजुरी दिली. आजार फार पुढे गेलेल्या १,०९० रुग्णांच्या चाचणीत या औषधाने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले होते. विरघळवून भरण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चूक त्याच्या पोटात दडलेल्या एका गृहीतकात होती.

गृहीतक

एकाच रेणूचे स्फटिक वेगवेगळ्या रचनेचे असू शकतात. याला बहुरूपता म्हणतात. विटा त्याच, रचण्याची पद्धत निराळी, आणि त्यामुळे भिंत फोडायला लागणारी ताकदही निराळी. ज्या रूपात रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरतात ते अधिक स्थिर असते आणि कमी विरघळते. म्हणून घन गोळी करताना स्फटिकरूप कोणते, हे काळजीने पाहिले जाते.

इथे विचार असा झाला की औषध द्रावणातच आहे, तर कच्च्या मालाच्या स्फटिकरूपाशी काय देणेघेणे? विरघळले की रूप संपले. शिवाय विकासाच्या सगळ्या वर्षांत एकच रूप दिसले होते. बाजारात आल्यावरही २४० बॅच निघाल्या, एकीनेही कुरकूर केली नाही.

हा तर्क अर्धाच आहे. विरघळताना रूप संपते हे खरे. पण द्रावणातून औषध पुन्हा बाहेर पडू शकते, आणि पडताना ते मूळ रूपातच पडेल असा काही करार नसतो. द्रावण संपृक्त आहे की नाही, म्हणजे त्यात मावेल तेवढे औषध उतरले आहे की नाही, या प्रश्नाला एकटे उत्तर नसते. कोणत्या रूपाच्या मानाने, हे जोडून विचारावे लागते. या कॅप्सूलमधले द्रावण ओळखीच्या पहिल्या रूपाच्या मानाने असंपृक्त होते, म्हणजे निर्धोक. तोवर कोणी न पाहिलेल्या रूपाच्या मानाने ते ४०० टक्के अतिसंपृक्त होते, म्हणजे मावते त्याहून कितीतरी जास्त औषध धरून होते.

अडचण

नापास बॅचमधला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, क्ष-किरण विवर्तनाने तपासला. स्फटिक नवीन होते. यांना पुढे दुसरे रूप असे नाव पडले. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात त्यांची विद्राव्यता पहिल्या रूपाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी भरली.

कॅप्सूलमध्ये असे स्फटिक झाले की गिळलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी काही भागच वेळेत विरघळणार आणि रक्तातली पातळी घसरणार. डोकेदुखीच्या औषधात एवढ्याने डोके थोडा वेळ जास्त दुखते. एचआयव्हीत अपुऱ्या पातळीखाली विषाणू वाढत राहतो आणि त्यातून औषधाला दाद न देणारे वाण निवडले जातात. मग पुढे पूर्ण मात्रा देऊनही उपयोग नसतो. म्हणून थोडे कमी शोषले तर चालवून घ्या, ही सोय इथे नव्हती.

इतकी वर्षे हे रूप दिसले का नाही, याचे उत्तर रेणूच्या घडणीत सापडले. दुसऱ्या रूपात बसण्यासाठी रेणूतल्या कार्बामेट बंधाभोवती एक अवघड वळण घ्यावे लागते. द्रावणात फारच थोडे रेणू त्या वळणात असतात, त्यामुळे तसे पुरेसे रेणू एकत्र येऊन पहिले बीज तयार होणे जवळपास अशक्यच. एकदा बीज तयार झाले की मात्र पुढचे रेणू त्यावर भराभर रचले जातात. संशोधकांचा संशय गेला तो आम्लारीच्या प्रभावाने होणाऱ्या एका विघटनजन्य पदार्थावर. त्याचे स्फटिक दुसऱ्या रूपाला पाया म्हणून चालले असावेत.

त्यानंतरचा भाग ऐकताना भुताटकीची गोष्ट वाटते, पण स्फटिकांच्या दुनियेत असे घडते. एकदा दिसल्यावर ते रूप प्रयोगशाळेत आणि उत्पादनातही वारंवार उगवू लागले, आणि पहिले रूप बनवणेच अवघड होऊन बसले. कच्चा माल बनवणारा कारखाना इटलीत होता. तिथे हे रूप अजून पोहोचले नव्हते. इथली मंडळी तिकडे जाऊन आली आणि त्यानंतर तिथेही ते लक्षणीय प्रमाणात निघाले. कपड्यांवरून बीज गेले असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण डोळ्यांना न दिसणारा कणही बीज म्हणून पुरतो, हे स्फटिकांवर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

समोरचे पर्याय

अशा प्रसंगी टेबलावर जे पर्याय येतात ते एकेक करून पाहू.

सगळ्यात नैसर्गिक ओढ सफाईची. यंत्रे धुवा, हवा गाळा, दुसरे रूप हद्दपार करा आणि पूर्वीसारखे काम सुरू करा. यात रचना बदलावी लागत नाही, नव्याने मंजुरीही लागत नाही. पण यात धरून चालले जाते की अडचण बाहेरून आली आहे. ती तर द्रावणातच होती. ४०० टक्के अतिसंपृक्त द्रावणाला एक बीज पुरते, आणि ते आता कुठूनही येऊ शकत होते. हा मार्ग म्हणजे जन्मभर पहारा.

दुसरा मार्ग कॅप्सूलमधली मात्रा खाली आणण्याचा, म्हणजे दुसऱ्या रूपाच्या मानानेही द्रावण असंपृक्त राहील इतकी. कागदावर हे सर्वांत स्वच्छ उत्तर. फक्त हिशेब करून पाहा: द्रावण निदान चौपट पातळ करायचे, तर बाराच्या जागी रोज अठ्ठेचाळीस कॅप्सूल. आधीच मुठीमुठीने औषधे घेणाऱ्या रुग्णाला हे सांगणार कोण?

तिसरा: क्षार बनवून विद्राव्यता वाढवायची. रिटोनाविर इतके दुबळे आम्लारी आहे की यातून फारसे हाती लागले नसते.

चौथा: कॅप्सूल थांबवून सगळ्यांना पिण्याच्या द्रावणावर आणायचे. ते तयार होते, मंजूर होते. पण त्यात सुमारे ४३ टक्के अल्कोहोल आणि चव अशी की लोक नाक दाबून घेत. जे औषध रोज दोनदा न चुकता घ्यायचे त्याची चव ही किरकोळ बाब नसते. चुकलेली प्रत्येक मात्रा म्हणजे रक्तात शून्य, आणि शून्याची जैवउपलब्धता काढायची गरज नसते.

शेवटचा: दुसरे रूप आता कायमचे आले आहे हे मान्य करून त्याच्या विद्राव्यतेवर आधारलेली नवी रचना करायची. खात्रीचा, पण वेळ खाणारा. नवे द्रावक शोधा, स्थिरता तपासा, रक्तातली पातळी जुन्या कॅप्सूलइतकी येते हे माणसांत मोजून दाखवा, मग मंजुरी.

काय केले

सुरुवातीचे आठवडे सफाईत आणि पहिले रूप परत मिळवण्याच्या धडपडीत गेले. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. अडचण बाहेरची की आतली हे कळेपर्यंत दोन्ही शक्यता तपासाव्याच लागतात. पण विद्राव्यतेचे आकडे हाती आल्यावर सफाईवर विसंबणे म्हणजे गळक्या छताखाली फरशी पुसत बसणे.

कॅप्सूलचा पुरवठा थांबला. रुग्णांना द्रावणावर आणले गेले. ज्यांना ते सोसवेना त्यांना दुसरे औषध शोधावे लागले. द्रावण थंड जागी ठेवू नका, अशी सूचना त्यावर आली. बहुतेक औषधे फ्रिजमध्ये ठेवली की अधिक टिकतात, हे उलटे का? कारण थंडीत विद्राव्यता घटते आणि स्फटिकांना वाट मोकळी होते.

पुढचे काम दोन आघाड्यांवर चालले. कच्च्या मालाच्या बाजूने स्फटिकीकरण नव्याने बसवले गेले. योग्य बीज टाकून आणि द्रावण मिसळण्याचा क्रम बदलून पहिले रूप पुन्हा काबूत आणले. रचनेच्या बाजूने ओलेइक आम्लाचा आधार घेऊन मऊ जिलेटिन कॅप्सूल तयार झाली.

निष्पत्ती

नवी कॅप्सूल जून १९९९ मध्ये मंजूर झाली. म्हणजे रुग्णांना जवळपास वर्षभर द्रावणावर काढावे लागले. नव्या कॅप्सूललाही अट होती: दुकानात फ्रिज हवा, आणि रुग्णाकडे फ्रिजबाहेर ती तीसच दिवस चाले, तेही २५ अंशांच्या आत. जिथे वीज भरवशाची नसते आणि एचआयव्ही मोठ्या प्रमाणावर असतो तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. शोषणाचा प्रश्न सुटला, पण औषध रुग्णाच्या हाती पोहोचण्याचा राहिलाच.

नियमांच्या बाजूनेही हालचाल झाली. नव्या औषधांच्या तपासणीचे निकष ठरवणारे क्यू-६-ए हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक ऑक्टोबर १९९९ मध्ये पक्के झाले. बहुरूपता कधी शोधायची आणि कधी निकषात घ्यायची, याचा निर्णयवृक्ष त्यात आहे. ते याच प्रकरणामुळे लिहिले गेले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण काम आधीपासून चालू होते. पण ते वाचताना हे प्रकरण डोळ्यांसमोर येत नाही असा औषधरचनाकार विरळा.

निर्णयाच्या जागा पुन्हा पाहताना

१९९५ मध्ये बसलेल्या चमूला काय करता आले असते? आजच्या ज्ञानाने त्यांना झोडपणे सोपे आहे, म्हणून मी फक्त त्या काळी हाताशी असलेल्या गोष्टींचा विचार करतो.

एक प्रयोग अगदी साधा होता. औषधाची भुकटी कमी द्रावकात टाकून लगदा करायचा आणि तो थंडीत, आठवडेच्या आठवडे ढवळत ठेवायचा. अधिक स्थिर रूप अस्तित्वात असेल तर त्याला वर यायची संधी मिळते. वेगवेगळ्या द्रावकांत हे करायचे, आणि मुख्य म्हणजे अशुद्ध मालातही करायचे. आपण नेहमी सर्वांत शुद्ध नमुना निवडतो आणि तिथेच फसतो, कारण बीजाला पाया पुरवणारी घाण त्यातून आधीच काढून टाकलेली असते. विघटनजन्य पदार्थ मुद्दाम मिसळून स्फटिक करून पाहणे तेव्हाही शक्य होते. दुसरे रूप सापडलेच असते असे नाही. त्याची वाट इतकी अरुंद होती की कदाचित सापडलेही नसते.

दुसरी जागा मला जास्त खटकते. २४० बॅचचा निर्वाळा. बीज तयार होणे ही योगायोगाची घटना आहे. ती २४० वेळा घडली नाही म्हणून २४१ व्यांदा घडणार नाही असे ठरत नाही. द्रावणाला कडेलोटाची भीती आहे का हे बॅच मोजून कळत नाही, त्याची विद्राव्यतेची वक्ररेषा काढून कळते. २००८ मध्ये पार्किन्सनच्या रोटिगोटिन या औषधाचे त्वचेवर लावायचे पॅच अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण पॅचमध्ये हिमकणांसारखे स्फटिक दिसू लागले होते. दहा वर्षांनी, निराळे औषध, निराळा मार्ग, दुखणे तेच.

तिसरी जागा संघटनेची. रेणू घडवणारे, स्फटिक बनवणारे आणि कॅप्सूल रचणारे असे तीन चमू तीन इमल्यांत बसतात. औषध द्रावणात आहे, हे रचनेच्या चमूचे उत्तर स्फटिकाच्या चमूला सुटका वाटते. जैवउपलब्धता कोणाच्या गळ्यात, हा प्रश्न मग कोणाच्याच गळ्यात पडत नाही.

मंजुरी लांबवायला हवी होती का? माझ्या मते नाही. १९९६ मध्ये बहुरूपतेच्या शोधासाठी एक वर्ष थांबण्याची किंमत जीवांत मोजावी लागली असती. पण औषध बाजारात गेल्यावर तो शोध मागे चालू ठेवता आला असता, आणि पर्यायी रचनाही तयार ठेवता आली असती. दोन वर्षे हातात होती.

नंतर

फ्रिजची अट गेली ती वितळवून दाबण्याच्या तंत्रामुळे. औषध आणि कोपोव्हिडोन हा बहुवारिक (पॉलिमर) एकत्र वितळवतात, यंत्रातून दाबून काढतात आणि थंड झाल्यावर दळून गोळी करतात. औषधाचे रेणू बहुवारिकात विखरून अडकतात, स्फटिक होण्याइतके एकत्र येऊ शकत नाहीत. लोपिनाविर या एचआयव्हीवरच्याच दुसऱ्या औषधासोबतची अशी गोळी २००५ मध्ये आली, एकट्या रिटोनाविरची २०१० मध्ये. यातही औषध स्फटिकापेक्षा अस्थिर अवस्थेतच असते. फरक इतकाच की या वेळी ते जाणूनबुजून, पहारेकरी नेमून ठेवले आहे.

आणि तो थायाझोलचा नायट्रोजन. रिटोनाविर सीवायपी-३ए-४ ला बांधून ठेवते, त्यामुळे त्याच वाटेने नष्ट होणारी इतर औषधे शरीरात टिकतात. सॅक्विनाविरची रक्तातली एकूण मात्रा त्याच्या सोबतीने वीस पटींहून वाढली. आज रिटोनाविर विषाणूविरुद्ध म्हणून सहसा दिलेच जात नाही. १०० मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत ते दुसऱ्या औषधाला रक्तापर्यंत सोडायला जाते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत कोविडसाठी निर्माट्रेल्विरला आपत्कालीन परवानगी मिळाली तेव्हा सोबत हेच होते, दिवसातून दोनदा, पाच दिवस.

दुसरे रूप सापडल्यानंतर २४ वर्षांनी रिटोनाविरचे आणखी एक स्फटिकरूप जाहीर झाले. ते निघाले वितळलेल्या औषधातून.